राहीसाठी आलेलं स्थळ

२ डिसेंबर १९४६

आज परत बाजूला बसले. या खेपेला चार दिवस वर गेले होते. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, तोंडानं काही बोलल्या नव्हत्या, पण माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा मोठा पडत होता आणि मी घागरीला हात घातला की "ठेव, ठेव" म्हणत होत्या. आज सकाळी मी पडवीत घोंगडी टाकून बसलेली त्यांना दिसले. नुसतं बघितलं. मग अंगणात जाऊन शेळीला काठीनं मारलं. शेळीनं काही केलं नव्हतं.

मला लिहायला हेच दिवस मिळतात. चुलीला शिवायचं नाही, पाणी भरायचं नाही. बाबा मास्तर, म्हणून मी सातवीची फायनल झालेली. आत्याबाई म्हणतात, "लिवून काय पाळना हालतोय?"

लग्नाला सहा वर्षं झाली असं त्या आल्यागेल्याला सांगतात. त्यातली चार वर्षं हे पलटणीत लॉरी चालवत होते, ती कुणी वजा करत नाही. मागच्या वर्षी सुटून आले. पलटणीतलेच सोबती चांदभाई, त्यांच्या भागीत जुनी मोटार घेतली आणि पाथर्डी-नगर करतात. पेट्रोल मिळत नाही, मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. संध्याकाळी घरी येतात तेव्हा डोळे सोडून सगळे काळे असतात.

आज आले, मला पडवीत बघून "बसलीस व्हय?" म्हणाले. मी मान हलवली. मग न्हाणीवर गेले आणि किती वेळ पाय धूत राहिले.

३ डिसेंबर

चांदभाईंची इमामबी दुपारी येऊन बसली. तिला माझा विटाळ नाही, ती खुशाल घोंगडीला घोंगडी लावून बसते. तिचं पाचवं अंगावर पीत होतं. त्याला माझ्या मांडीवर द्यायला निघाली, मग आत्याबाई दारात दिसल्या तशी तिनं हात मागे घेतला.

म्हणाली, "तुमच्या घरधन्याची तब्येत नाजूकच, पुष्पाबाई. आमचे सांगत हुते, पलटनीत गालगुंड झाले तवा सगळ्यांचे गाल फुगले आन् चार दिसांत उतरले. श्रीमंतभाऊंची सूज खाली उतरली. पाय फाकून चालायचे म्हनं. लई कण्हायचे." 

मला हे कधी सांगितलं नाही. परमुलखात आजारी, पाय सुजलेले, जवळ कुणी नाही. आज आले की कोमट तेल लावून द्यावं असं मनात आलं, पण शिवायचं नाही.

२१ डिसेंबर

काल नगरला गेले होते. यांनीच नेलं. इमामबीची नणंद तिथल्या बायकांच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, तिनं नाव सांगितलं. आत्याबाईंना सांगितलं की दातासाठी जातो आहोत.

डॉक्टरीणबाई आपल्याच मुलखातल्या, किरिस्ताव. त्यांनी पडद्याआड निजवून तपासलं. पोटावरचे डाग बघून हात थांबवला. "हे कुणी दिले?" मी म्हटलं, आत्याबाईंच्या माहितीतला देवऋषी आहे, दोन वर्षांमागे, हे रजेवर येऊन परत गेल्यावर, बेंबीभोवती तापल्या सळईनं दिले. त्यांनी पुढे विचारलं नाही. पाळी, दुखणं, माहेरचं, सगळं विचारून घेतलं. शेवटी हात धुता धुता म्हणाल्या, "तुझ्यात काही उणं नाही, बाई."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. परत विचारलं.

"नाही म्हटलं ना. आता नवऱ्याला पाठव. आमच्याकडे पुरुषांचे डॉक्टर आहेत. नेहमी बायकांनाच का म्हणून निजवायचं?"

बाहेर येऊन यांना सांगितलं. मला वाटलं होतं आनंदतील. म्हणाले, "डाक्टरला काय देव भेटलाय?" मोटार चालू करायला गेले. मी मागं बायकांत बसले होते आणि तोंडाला पदर लावून हसत होते. माझ्यात काही उणं नाही. पाथर्डीचा माळ मला एवढा हिरवा कधी दिसला नव्हता, आणि डिसेंबरात तिथं गवताची काडी नसते.

२९ डिसेंबर

बसले. या वेळी इतकं वाईट वाटलं नाही. यांना म्हटलं, एकदा जाऊन या. "बघू." परत म्हटलं. "येकदा बघू म्हनलं ना!" यांचा आवाज चढला की आत्याबाई आतून म्हणतात, "लेकराला घास तरी खाऊ दे." लेकरू म्हणजे हे.

१३ जानेवारी १९४७

उद्या संक्रांत. आज हे नगरहून येताना माझ्यासाठी बांगड्या घेऊन आले. हिरव्या, त्यावर सोनेरी ठिपके. आत्याबाईंसमोर दिल्या. असं कधी केलेलं नाही.

आणि डॉक्टरकडे जाऊन आले! न सांगता गेले होते. मागच्या आठवड्यात एकदा आणि आज एकदा. मी विचारलं, काय म्हणाले?

"काय म्हननार. समदं ठीक हाय. देवाच्या मनात आलं की व्हईल."

"दोघांतही काही नाही?"

"न्हाई म्हनलं ना."

जेवले नाहीत. पोटात गच्च आहे म्हणाले. निजताना माझ्या हातातल्या बांगड्या एकेक करून वरखाली करत बसले. मी म्हटलं, फुटतील. म्हणाले, "पुष्पे, तुला लई सोसावं लागलं." माझ्या लग्नाच्या आयुष्यात मी एवढी सुखी नव्हते. दोघंही धडधाकट आहोत, आता उशीर काय तो देवाचा.

२३ फेब्रुवारी

काकासाहेब आले होते. यांचे चुलते, सासरे गेल्यापासून घरातलं कुठलंही काम त्यांना विचारल्याशिवाय होत नाही. ओसरीवर बसून पान लावलं आणि म्हणाले, "श्रीमंत, आता दुसरी बघाय पायजे. वंशाला दिवा नको का?"

मी आत पीठ मळत होते. हात थांबले.

हे एकदम ओरडले. "मला दुसरी नको! येक हाय ती बास!" काकासाहेबांपुढे यांनी आवाज काढलेला मी प्रथमच ऐकला. "आन् सरकारनं कायदा केलाय. पयली आसताना दुसरी केली तर तुरुंग. नगरात वकील लोक मोटारीत बोलत हुते."

काकासाहेबांनी पान खाऊन संपवलं. "सरकार हितल्या हद्दीपातुर. पल्याड मोगलाईत निजामाचं राज्य. तितं लगीन लावायचं, हितं नांदवायची. कोन इचारतंय?"

"मला नको म्हनलं ना!" आणि हे उठून मोटारीकडे निघून गेले.

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या, मीच काही करणी केल्यासारखं. बघू देत. माझ्यासाठी हे चुलत्याशी भांडले. गावात दुसऱ्या कुठल्या बाईसाठी कुणी भांडलं आहे?

१६ मार्च

आत्याबाई आज गोड बोलल्या. माझ्या डोक्याला तेल लावलं. लावता लावता म्हणाल्या, "पुष्पे, मी वाईट न्हाई गं. परकी आनली तर ती तुला गोठ्यात काढंल. तुझी पाठची भन हाय की. राही. तिला आन. तिचं लेकरू ते तुझंच. दोघी भनी गुण्यागोविंदानं नांदाल."

राही सतरा वर्षांची आहे. लहानपणी देवी आल्या त्याचे वण तोंडावर राहिले, म्हणून दोन स्थळं बघून परत गेली. आई नाही. बाबांची निवृत्ती जवळ आली.

रात्रभर विचार केला. खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. या घरात माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारं कुणीतरी येईल. राही शिट्टी वाजवते, गाणी रचते, आत्याबाईंची नक्कल तर काय सुरेख करील. तिचं मूल माझ्या मांडीवर असेल आणि ते कुणी हिसकून घेणार नाही. असं वाटलं आणि मग स्वतःची लाज वाटली. मग परत बरं वाटलं.

३० मार्च

बाबा येऊन गेले. काकासाहेबांनी बोलावून घेतलं होतं. माझ्याशी एकटीशी बोलायला त्यांना वेळच दिला नाही. निघताना एवढंच म्हणाले, "तुझी संमती असेल तर माझी आहे, पुष्पा. दोघी एका घरात असाल तर मला डोळे मिटायला हरकत नाही." मी म्हटलं, बरं.

बरं म्हटलं मी. हे ओसरीवरच होते. या वेळी ओरडले नाहीत. भिंतीकडे तोंड करून विडी ओढत होते.

९ एप्रिल

मोटार ओढ्यापाशी बंद पडली म्हणून भाकरी घेऊन गेले. चांदभाई स्प्रिंगचं पान आणायला गेले होते. हे मोटारीखाली निजले होते, बाहेर फक्त पाय.

मी म्हटलं, आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, माहेरी जाईन तेव्हा राहीशी बोलते. लग्न वैशाखात धरायचं म्हणतात आत्याबाई.

खालून हातोडीचा आवाज थांबला. "राहीला नको आनू."

"का?"

"दुसरी कुनीबी आना. तिला नको. गरीब पोर हाय."

"अहो, पण का? तिच्या तोंडावर वण आहेत म्हणून?"

"तसं न्हाई गं." हातोडी परत दोनदा वाजली. मग म्हणाले, "तिचंबी तुझ्यासारखंच व्हईल."

मी भाकरी दगडावर ठेवली आणि निघून आले. वाटभर रडले. म्हणजे यांना वाटतं आमच्या घराण्यातच दोष आहे. माझ्या आईला पाच झाली, दोन जगलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं यांनी मनावर घेतलेलंच नाही. एका बाजूनं बांगड्या आणायच्या आणि मनात हे ठेवायचं.

१० एप्रिल

काल लिहिलेलं वाचून बघितलं. दोनदा वाचलं. "दुसरी कुनीबी आना. तिला नको." दोष आमच्या घराण्यात असेल तर राही गरीब पोर कशी? मग कीव यायला हवी ती स्वतःची, यांची दुसरीही वाया जाणार. पण यांना कीव राहीची आली.

"तिचंबी तुझ्यासारखंच व्हईल." हे यांना कसं ठाऊक?

१२ एप्रिल

विचारलं. सकाळी हे मोटारीच्या भट्टीत कोळसा भरत होते, आत्याबाई शेतात गेल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. "संक्रांतीच्या आदल्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले?"

"सांगितलं की तवाच."

"परत सांगा. माझ्याकडे बघून सांगा."

बघितलं नाही. फावडं खाली ठेवलं आणि मोटारीच्या पायरीवर बसले. "काचंखाली बघितलं म्हनं. काय म्हंजे कायबी न्हाई, म्हनले. त्या गालगुंडानं समदं जाळून टाकलं. आउशद न्हाई."

मी उभीच होते. मला राग यायला हवा होता. मला आधी पोटावरचे डाग आठवले. ते दिले तेव्हा हे पलटणीत होते आणि तो आजार होऊन गेलेला होता. मी दात आवळून सोसलं ते कुणासाठी?

"तीन महिने तुम्ही सगळ्यांना मला बोलू दिलंत. आत्याबाईंना बोलू दिलंत."

"गावात कळलं तर मला काय म्हनतील, ठावं हाय का तुला?"

"मला काय म्हणतात ते ठाऊक आहे."

रडायला लागले. काळ्या तोंडावरून पाण्याच्या रेघा. मी पुरुषाला रडताना बघितलेलं नव्हतं. पदरानं पुसायला गेले आणि पुसताना मनात म्हणत होते, पुसू नकोस.

म्हटलं, मग लग्नाला नाही म्हणा. म्हणाले, "न्हाई म्हनलं की कारन इचारतील. किती दिस कायदा सांगू?" मग माझा हात धरला. "कुनाला सांगू नको, पुष्पे. गळ्याची आन हाय. मी जीव दीन."

मी शपथ घेतली नाही. पण नाहीही म्हटलं नाही.

फेब्रुवारीत माझ्यासाठी भांडले असं मी लिहून ठेवलं आहे. ते पान फाडणार होते. राहू दे.

२४ एप्रिल, राहाता

नगरहून मनमाडच्या गाडीनं आणि पुढं टांग्यानं माहेरी आले. काल आखाजी झाली. बाबांना एकटं गाठून सांगितलं. शब्द सापडत नव्हते. बापाशी हे कसं बोलायचं? डॉक्टर म्हणाले की दोष माझ्यात नाही, इतकंच म्हणू शकले, मग म्हटलं, त्यांच्यात आहे.

बाबांनी चष्मा काढला. "पुष्पा, नवऱ्याबद्दल असं बोलू नये. डॉक्टर काय, काहीही सांगतात."

"बाबा, राहीचं वाटोळं होईल."

"राहीला दुसरं कोण करतंय?" एवढं बोलून ते शाळेत निघून गेले. आज शाळेला सुट्टी होती.

दुपारी राही आणि मी कालव्याच्या पाटावर धुणं घेऊन गेलो. तिला सगळं सांगितलं. शपथ घेतली नव्हती ना मी. राही धोतर पिळत होती, ती पिळतच राहिली, पाणी संपलं तरी.

"ताई, मग तू का राहतेस तिथं?"

मी धोतर तिच्या हातातून घेतलं. म्हटलं, धुणं वाळत घालायचंय, चल.

२५ एप्रिल

राहीनं बाबांना तोंडावर सांगितलं, "मला पाटात ढकला, पण मी ताईच्या घरात जाणार नाही." कारण तिनं सांगितलं नाही, माझं नाव राखलं. बाबा तिला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "बहिणीला शिकवून आलीस. तिचा संसार तुला बघवला नाही." मला टांग्यात बसवायला आले नाहीत. राही फाटकापर्यंत आली आणि तिनं माझ्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू कोंबले.

राही सुटली. गाडीत मी तेवढंच मनात म्हणत होते. राही सुटली.

३ मे

आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. "भन द्यायची न्हवती तर बरं कशाला म्हनलीस?" एवढंच बोलल्या. काकासाहेब चार दिवस मोगलाईत फिरून आले. मुलगी मिळाली. हद्दीपलीकडलं गाव, बाप नाही, भाऊ आहे. वैशाख संपायच्या आत उरकायचं.

यांना म्हटलं, अजून वेळ आहे. म्हणाले, "कुनी सांगावं, डाक्टर चुकत आसंल." आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी होकार द्यावा. नवऱ्याच्या तोंडावर आशा बघून माझ्या अंगावर काटा आला.

१७ मे

काल लग्न लागलं, आज आणली. चार गाड्या गेल्या होत्या, मी घरी. उंबऱ्यात उभी राहून तिच्यावरून भाकरीचा तुकडा मीच ओवाळून टाकला. आत्याबाईंनी सांगितलं तसं हळदीकुंकूही मीच लावलं. तिचं नाव मनकर्णा. मान वर केली तेव्हा दिसलं, राहीएवढीच आहे. घामानं कुंकू ओघळून नाकावर आलं होतं. मला म्हणाली, "आक्का, प्यायला पानी द्या वो."

हिच्या भावाला जाऊन सांगायला मला कुणी अडवलं होतं? कुणी नाही. मोगलाई काही राहात्यापेक्षा लांब नाही. राहीसाठी मी आगगाडीनं गेले. हिच्यासाठी अंगणाबाहेर पाऊल टाकलं नाही. देवापुढे दिवा लावताना मी राही सुटली म्हणून हात जोडले होते, तेव्हाच मला ठाऊक होतं की दुसरी कुणीतरी येणार.

२२ जून

मला गोठ्याशेजारची खोली दिली. आत्याबाई म्हणाल्या तसंच झालं, फक्त काढलं ते मनकर्णेनं नाही. ती तर दुपारी माझ्याच खोलीत येऊन निजते. लिंबावर सरसर चढून शेळीला पाला काढते. मोठ्यानं हसते. मडक्यातल्या चिंचा काढून खाते. चिंचा खाताना बघून आत्याबाई तिच्यामागं तुपाची वाटी घेऊन फिरू लागल्या. मी सांगू शकले असते की तिला चिंचा आवडतात, बस.

३ जुलै

आज पडवीत आम्ही दोघी. घोंगडी एकच. आत्याबाईंनी दोघींकडे बघितलं आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मनकर्णेनं मला चिमटा काढला आणि कानात म्हणाली, "आक्का, बरं झालं, दोन दिस पानी भराय नको."

१५ ऑगस्ट

चावडीवर झेंडा लावला. शाळेच्या मुलांना पेढे. हे मोटारीला झेंडूच्या माळा बांधून नगरला गेले. मनकर्णेनं विचारलं, "आता मोगलाईतबी सवराज आलं का?" म्हटलं, नाही, तुमच्याकडे अजून निजामच. "मंग आमी तसंच," म्हणाली आणि शेण थापायला बसली.

२८ सप्टेंबर

मनकर्णेचं लोणी बंद झालं. आत्याबाई तिला मढीच्या देवाला नवसासाठी घेऊन गेल्या, तिथून येऊन पाच गुरुवार उपास. आता ती हसते ते तोंडावर पदर घेऊन. विहिरीवर बायका म्हणाल्या, "बनुबाईच्या उंबऱ्यालाच कायतरी हाय, सून पाऊल टाकती आन् वांझ व्हती." स्वतःचं नाव असं ऐकून आत्याबाई आल्या त्या न जेवता निजल्या. मला पहिल्यांदा त्यांची दया आली. मुलाचं खरं त्यांना सोडून घरात आम्हा दोघांना माहीत.

हे आजकाल मोटारीतच निजतात. गाडी राखायची म्हणतात.

११ ऑक्टोबर

उद्या देवऋषी येणार. मनकर्णेला डाग द्यायचे.

दुपारी ती माझ्या खोलीत आली, दार लोटून घेतलं. "आक्का, तुमाला दिलेत नव्हं? लई दुखतं का?"

मी लुगडं बाजूला करून दाखवलं. तिनं बोट लावून बघितलं. तिच्या बोटाला खरबरीत लागलं असेल. "माज्यात काय उणं आसंल वो, आक्का? मी तर कुनाचं वाईट चितलं न्हाई."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, पलटणीपासून. "तुझ्यात काही उणं नाही. माझ्यातही नाही. मी हे तुझ्या लग्नाआधी जाणत होते आणि बोलले नाही."

मला वाटलं ती अंगावर धावेल. धावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, जमिनीवर बोटानं रेघा मारत. "तुमी लई शिकलेल्या हाय, आक्का," एवढंच म्हणाली. ते मला अजून टोचतं आहे. मग डोळे पुसून उभी राहिली. "मला माज्या आईकडं सोडा. आमच्यात बाईचा पाट लागतो, दुसरं लगीन व्हतं. दुसरं घर बघील दादा."

संध्याकाळी हे आल्यावर मी मोटारीशी गेले. म्हटलं, उद्या पहाटे तिला हद्दीवर सोडायचं. भाऊ आजच्या बाजारात होता, इमामबीनं त्याला निरोप दिला आहे.

"आईला काय सांगू?"

"आता काही सांगू नका. नाही नेलंत तर उद्या देवऋषी आला की मी अंगणात उभी राहून सांगते. त्याच्यापुढे, काकासाहेबांपुढे, सगळ्यांपुढे."

"तू आसं करनार न्हाईस."

"राहीला सांगितलं. मनकर्णेला सांगितलं. आता सवय झाली आहे."

हे माझ्याकडे बघत राहिले, मी कोण आहे ते आठवत असल्यासारखे.

१३ ऑक्टोबर

काल जे झालं ते आज लिहिते आहे.

उजाडायच्या आधी निघालो, आम्ही तिघंच. मनकर्णा मागे बसली, मांडीवर तिचं गाठोडं. हद्दीवरच्या नाक्यापाशी निजामाच्या माणसांना भिऊन मोगलाईतून निघालेल्या लोकांच्या गाड्या लागल्या होत्या, भांडी, कोंबड्या, म्हातारी माणसं. सगळे इकडे येत होते आणि आमची पोर तिकडे निघाली होती. तिचा भाऊ बाभळीखाली उभा होता. हे मोटारीतून उतरले नाहीत. मनकर्णा यांच्याकडे गेली नाही. माझ्या पाया पडायला वाकली, मी धरून उभी केली. तिनं गळ्यातलं मंगळसूत्र तोडून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "ह्ये तुमच्या घरचं," आणि भावाच्या मागून चालू लागली. भरभर चालत होती. मागं बघितलं नाही.

परत येताना मी पुढे बसले, यांच्या शेजारी. कधी बसले नव्हते. बराच रस्ता मागे पडल्यावर हे म्हणाले, "तू ऱ्हानार नव्हं?"

मी म्हटलं, "आधी आत्याबाईंना तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं. मी सांगायची नाही."

"आई मरंल."

"मरणार नाहीत. त्यांनी तुम्हाला जन्म दिला आहे. एका सुनेला पोळवलं, दुसरीला पोळवणार होत्या. त्यांना कळू दे, कुणाला काय झालं आहे."

गावाच्या अलीकडे मोटार थांबवली. मला वाटलं परत फिरवतात. स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसले. मग चालू केली आणि थेट अंगणापाशी आणून उभी केली. ओसरीवर देवऋषी आणि काकासाहेब बसलेले. यांनी दोघांना हात जोडले, "आज काम न्हाई, जावा," म्हणाले. काकासाहेब काहीतरी बोलायला गेले, पण यांचं तोंड बघून उठले. हे आत गेले आणि दार ओढून घेतलं.

मी उतरले नाही. आतून आधी काहीच ऐकू येईना. कोंबडी चाकाखाली येऊन टोचत होती तेवढाच आवाज. मग यांचं बोलणं, अगदी हळू. मग आत्याबाईंचा आवाज, एकच, कुणी गेल्यावर काढतात तसा. आणि परत शांत. शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावल्या, मी समोर बघत राहिले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दार उघडलं. आत्याबाई आल्या. पदर डोक्यावरून खाली आला होता, तो त्यांनी सावरला नाही. मोटारीच्या पायरीला धरून उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही. माझ्या पोटाकडे बघितलं, लुगड्यावरूनच, जिथं डाग आहेत तिथं. हात अर्धा उचलला आणि परत पायरीवर ठेवला.

"उतर, पुष्पे," म्हणाल्या. "सकाळपास्नं पोटात काय न्हाई तुझ्या."

उतरले. जायला दुसरं घर नव्हतं, हे खरं. आणि त्या घटकेला मला त्याच दारातून आत जावंसं वाटलं, हेही खरं. आत हे चुलीपुढे बसले होते, तोंड धुतलेलं. आत्याबाईंनी तीन ताटं केली. पहिलं माझ्यापुढे सरकवलं.